घुमटी ते पूल

१

लेआर्को बोनेत्तीचा कान सबंध कारखान्यात प्रसिद्ध होता. बायकोचं बोलणं सोडून त्याला सगळं ऐकू येतं, असं त्याची बायको इरिदे म्हणायची. चौतीस वर्षं तो एकच काम करत आला होता. नवीकोरी स्पोर्ट्‌स कार बाहेर पडली की ती डोंगरात फिरवून आणायची, कुठे काय कुरकुरतं, कुठे काय थरथरतं ते ऐकायचं, कागदावर लिहायचं आणि खाली सही ठोकायची. जगभरातले श्रीमंत लोक पुढे त्या गाडीत बसून काय दिवे लावतात याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. आपल्या हातून गाडी निर्दोष गेली पाहिजे, बस्स.

फेरीचा रस्ता ठरलेला होता. इटलीतल्या मोडेनाबाहेरच्या सपाटीवर, हिवाळ्यात धुक्यात बुडालेल्या कारखान्याच्या फाटकातून निघायचं, द्राक्षमळ्यांमधून पायथ्याशी यायचं, चढ चढून माथ्यावर देआन्नाच्या बारमध्ये एक कॉफी घ्यायची आणि दुसऱ्या अंगाने उतरून परत यायचं. एकूण ६१.८ किलोमीटर. उघडणाऱ्या टपाची गाडी असेल तर चढताना टप बंद ठेवायचा आणि उतरताना उघडायचा, म्हणजे दोन्ही तऱ्हेचे आवाज कळतात.

उतारावर मारीयेच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, घुमटीपासून खालच्या सिमेंटच्या पुलापर्यंत सात वळणं आहेत. त्या टप्प्यात ब्रेकला पाय लावायचा नाही, असा नियम. ब्रेक लागला की गाडीचे बारीक आवाज दबून जातात. म्हणून वेग आधीच कमी करायचा आणि नुसत्या गिअरवर, कान टवकारून खाली यायचं. चौतीस वर्षांत लेआर्कोचा पाय तिथे एकदाही ब्रेकवर गेला नव्हता. याचा त्याला फार अभिमान होता, आणि बाटली उघडली की तो ते बोलूनही दाखवायचा.

प्रत्येक गाडीला तीन फेऱ्या. पहिली एकट्याने. दुसरी आणि तिसरी, शेजारच्या सीटवर सत्तर किलो वाळूचं पोतं पट्ट्याने बांधून, म्हणजे कोणी माणूस बसलंय असं गाडीला वाटावं. याला एकच अपवाद होता. चालक निवृत्त होताना त्याच्या शेवटच्या गाडीच्या शेवटच्या फेरीला पोत्याच्या जागी त्याची बायको बसायची. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण मोडायची छाती आजवर कुठल्या साहेबाला झाली नव्हती.

"लग्नाची बायको बसते घरी आणि हा रोज पोत्याला फिरवून आणतो," इरिदे शेजारणींना सांगायची. "आणि पोतं तर बोलतसुद्धा नाही!"

"म्हणून तर," लेआर्को म्हणायचा.

आता ती फेरी दोन दिवसांवर आली होती. शुक्रवार त्याचा शेवटचा दिवस. गाडी गडद हिरवी, उघड्या टपाची, आत मधाच्या रंगाचं कातडं. इरिदेने त्या फेरीसाठी लाल रेशमी स्कार्फ घेऊन ठेवला होता आणि शुक्रवारी सकाळी केस करून घ्यायला नंबर लावला होता.

२

बुधवारची फेरी एकट्याची होती. चढ सुरेख झाला. गाडीने तोंडातून चकार शब्द काढला नाही. माथ्यावर धुकं खाली राहिलं आणि ऊन लागलं. देआन्नाने न विचारता कॉफी पुढे केली.

"शुक्रवारी बाईसाहेब येणार ना रे? मी चरबी लावून गरम पाव, तिगेल्ले, भाजून ठेवते. तिला सांग, उपाशी ये."

"ती कधी उपाशी असते का?" लेआर्को म्हणाला. बाहेर येऊन त्याने टप उघडला. कापडी टप मुकाट्याने घडी होऊन सीटमागच्या खोबणीत गेला आणि गाडी खाली निघाली. घुमटी आली, सात वळणं झाली, पूल आला. नेहमीसारखं.

कारखान्यात परतून त्याने कागद भरायला घेतला. 'अंतर' या रकान्यात त्याच्या हाताने ६१.८ लिहून टाकलं आणि मग त्याची नजर मीटरवर गेली. हा उलटा क्रम त्याला वर्षानुवर्षांच्या सवयीने लागला होता. हजारो फेऱ्यांमध्ये आकडा कधी बदलला नव्हता, मग बघायचं कशाला?

मीटर ६३.२ दाखवत होता.

त्याने बाहीने काच पुसून पुन्हा पाहिलं. वाट वाकडी केली नव्हती. कुठे मागे वळला नव्हता. फाटकावर नोंदलेली वेळ नेहमीचीच होती, अकरा चाळीस. जवळजवळ दीड किलोमीटर जास्त गेलो असतो तर दोन मिनिटं तरी उशीर झाला असता. म्हणजे मीटर खोटा. सरळ गोष्ट होती.

सरळ गोष्ट सरळ लिहायची, तर आकडा खोडावा लागणार. खोडलेला आकडा असला की गाडी परत दुरुस्तीच्या शेडमध्ये जाते, आणि तिथे ती आठवडाभर अडकते. मग शुक्रवार गेला, शेवटची गाडी गेली आणि इरिदेची फेरीही गेली. शिवाय साहेब विचारणार, बोनेत्ती, मधे कुठे गेला होतात? आठवत नाही म्हटलं की डॉक्टरकडे पाठवणार. अठ्ठावन्न वर्षांच्या चालकाला आठवत नाही, हे वाक्य एकदा कागदावर चढलं की पुसत नाही.

त्याने पेनाचं टोपण लावलं. ६१.८ तसंच राहिलं.

गाडी पुसायला घेतली तेव्हा दाराच्या कडेवर पांढरी धूळ सापडली. चुन्यासारखी, बोटाला मऊ लागणारी. फेरीचा सगळा रस्ता डांबरी होता. लेआर्कोने फडकं झटकलं आणि स्वतःशीच म्हणाला, कुठे तरी घर बांधत असतील.

३

गुरुवारी पोतं होतं. ते वायनेर भरायचा आणि बांधायचा. वायनेर म्हणजे वजनाच्या काट्यावरचा माणूस. गाडी जमिनीतल्या काट्यावर उभी केली की तो गाडीचं आणि चालकाचं वजन वजा करून उजव्या सीटवरचा भार पडद्यावर काढायचा. फेरीआधी एकदा आणि फेरीनंतर एकदा. पोत्याचं तोंड तो निळ्या सुतळीने बांधायचा, वर दोन मोठे फासे सोडून. त्याची ती जुनी खोड होती.

"ही बघ तुझी शेवटची मैत्रीण," पोत्यावर थाप मारून तो म्हणाला. "उद्यापासून घटस्फोट. वजन सत्तर. जा घेऊन."

आज लेआर्कोने मनाशी ठरवलं होतं, डोळ्यात तेल घालून बघायचं. प्रत्येक खुणेपाशी तो मीटर मोठ्याने वाचत गेला. पायथा बरोबर. बार बरोबर. टप उघडला, घुमटी आली, तीही बरोबर. घुमटी ते पूल अंतर २.३ किलोमीटर. तो वळणं मोजू लागला. एक, दोन, तीन. प्रत्येक वळण ओळखीचं होतं. तिसऱ्यावर तुटका कठडा, पाचव्यावर पाण्याचा नळ. सहा, सात, आणि पूल.

मीटरने त्या टप्प्याचे ४.९ किलोमीटर दाखवले.

पुलापलीकडे त्याने गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केल्यावर फक्त गरम लोखंडाची टिकटिक ऐकू येत होती. तो मीटर खोटा असता तर सगळीकडे खोटा असता. तेवढ्याच टप्प्यात खोटं बोलणारा मीटर त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. पण सात वळणं त्याने मोजली होती. झोप नाही, चक्कर नाही. मधे काही घडलं असतं तर आपल्याला कळलं नसतं का?

मग त्याला वास आला. गोडसर, मधासारखा. तो वास तो लहानपणापासून ओळखत होता. इथल्या प्रत्येक गावात शाळेसमोर, चर्चसमोर तील्योच्या झाडांची रांग असते, आणि जूनमध्ये ती फुलली की खिडक्या लावल्या तरी वास घरात येतो. त्याने पोत्याच्या पायथ्याशी, खालच्या चटईवर हात फिरवला. मूठभर फुलं हाताला लागली. फिकट पिवळी, ताजी, देठ अजून ओले. नोव्हेंबरची वीस तारीख होती. डोंगरात एकाही झाडावर पान शिल्लक नव्हतं.

त्याने फुलं कठड्यावरून खाली टाकली आणि हात पँटला पुसले. वास मात्र गेला नाही.

काट्यावर वायनेरने पोतं मोजलं. सत्तर, काहीच फरक नाही. सोडायला गेला तेव्हा त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"तू हे उघडलंस?"

"मी कशाला उघडू?"

"मग ही गाठ कोणी मारली?"

निळी सुतळी तीच होती. पण फासे नव्हते. गाठ घट्ट, बारीक होती आणि सुतळीची दोन्ही टोकं आत खोचलेली होती, कोणी तरी नीट वेळ घेऊन केल्यासारखी.

"म्हातारा झालास वायनेर," लेआर्को म्हणाला. "आपण काय बांधलं तेही आठवत नाही तुला."

वायनेर हसला, पण गाठ सोडताना त्याने ती दोनदा उलटून पाहिली. लेआर्कोने कागदावर ६१.८ लिहिलं. या वेळी आकडा बघून, जाणूनबुजून. खोटं लिहायची त्याची ही पहिलीच वेळ होती आणि त्याला फार लाज वाटली.

४

संध्याकाळी इरिदेने सूपमध्ये खिमा भरलेले तोर्तेल्लिनी केले होते. सणाचं जेवण मधल्या वारी, म्हणजे ती खुशीत होती. आरशासमोर तिने स्कार्फ तीन तऱ्हांनी बांधून पाहिला आणि शेवटी हनुवटीखाली मोठं फूल काढून बांधला.

"असा. वाऱ्यावर उडालं पाहिजे फूल."

"उद्या धुकं आहे म्हणतात," लेआर्को म्हणाला. "थंडी फार असेल. पुढे कधी तरी मी भाड्याने एखादी गाडी..."

तिने आरशातून त्याच्याकडे पाहिलं. "काय झालं?"

"कुठे काय?"

"लेआर्को, तुझा कान चांगला असेल, पण तोंड तुझं पोराचं आहे. काही लपवलंस की वरचा ओठ आत जातो. काय झालं?"

सांगायची हीच वेळ होती. त्याच्या जिभेवर आलं होतं. पण सांगायचं काय? घुमटी आणि पुलाच्या मध्ये एक रस्ता आहे, जो मला दिसत नाही, पण मी तिथून जातो? तिथे उन्हाळा आहे? तिने हसून सोडून दिलं असतं तर ठीक. पण ती हसली नसती. तिने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला असता. तिचे वडील शेवटच्या दोन वर्षांत रोज एकच फाटक शोधत हिंडले होते, आणि त्यांना शोधायला तीच जायची.

"काही नाही," तो म्हणाला. "शेवटचा दिवस आहे. वाईट वाटतंय."

इरिदे येऊन त्याच्या शेजारी बसली. तिने त्याचा हात हातात घेतला. "वेडा आहेस. चौतीस वर्षं मी खिडकीतून त्या गाड्यांचे आवाज ऐकतेय. प्रत्येक वेळी वाटायचं, ह्यात तो आहे आणि मी नाही. उद्या मी असेन. मला एवढंच हवंय रे, बाकी तुझी ती गाडी उद्या गंजून गेली तरी चालेल."

त्याचा निर्धार तिथेच संपला. एकच गोष्ट आपण तिला कबूल केली होती, आणि तीही आपण एका खोट्या मीटरपायी मोडणार? त्याने सूप संपवलं. दोनदा वाढून घेतलं.

५

शुक्रवारी सकाळी अर्धा कारखाना फाटकाशी जमला होता. इरिदे केस फुलवून, स्कार्फ बांधून आली आणि आधी काट्यावर उभ्या केलेल्या गाडीकडे गेली, कारण वायनेरने हट्टच धरला.

"बसा, बसा बाई. नियम म्हणजे नियम." पडद्याकडे बघून त्याने कपाळावर हात मारला. "बावन्न! अहो, पोत्यापेक्षा अठरा किलोंनी कमी! हा तुम्हाला जेवू घालतो की नाही?"

"जेवू मी घालते त्याला. पोट बघा ना त्याचं."

"आता कागदावर काय लिहू? सत्तर लागतात."

"सत्तर लिही," लेआर्को म्हणाला. "कोण बघतंय?"

वायनेरने सत्तर लिहिलं, जाताना आणि येताना दोन्ही रकान्यांत, एकदमच. "येताना पुन्हा मोजायची तसदी नको," तो म्हणाला आणि सगळे हसले.

चढावर इरिदे एक क्षण गप्प नव्हती. कुठल्या घरात कोणाचं लग्न मोडलं, कुठल्या मळ्यातली द्राक्षं पावसाने गेली, सगळं सांगत होती. मधेच सीटच्या कातड्यावर हात फिरवायची आणि हसायची. लेआर्को गाडीचं काहीच ऐकत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा तो फक्त तिला ऐकत होता, आणि त्याला वाटलं, हे आपण आधी का नाही केलं?

बारमध्ये देआन्नाने गरम तिगेल्ले समोर ठेवले. इरिदेने तीन खाल्ले. लेआर्कोने आपली ताटली तिच्याकडे सरकवली.

"टप बंदच ठेवूया उतरताना," गाडीत बसताना तो म्हणाला. "वारा बोचरा आहे."

"मी काय पेटीत बसून फिरायला आलेय?" असं म्हणून तिने स्वतःच बटण दाबलं. टप घडी होऊन मागे गेला. डोक्यावर निळंशार आकाश उघडलं आणि तिने दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली. देआन्ना दारातून हात हलवत होती.

६

घुमटी दिसू लागली तसा त्याने वेग कमी केला.

"इरिदे, एक कर. आता सात वळणं येतील. मोठ्याने मोज. आणि बोलत राहा, गप्प बसू नकोस."

"चौतीस वर्षांत पहिल्यांदा गप्प बसू नकोस म्हणाला हा. मारीये, तू साक्षीला आहेस," तिने घुमटीकडे बघून छातीवर क्रूस काढला. "एक. हे वळण केवढं! पोटात कसंसंच झालं. दोन. देआन्नाने चरबी जास्त घातली होती, मी तिला सांगितलं नाही. तीन. अरे, कठडा तुटलाय इथे. चार."

लेआर्कोचे दोन्ही हात चाकावर होते. उजव्या कोपराला तिची बाही लागत होती. लागते आहे तोवर ठीक आहे, असं त्याने धरून ठेवलं होतं.

"पाच. नळ. सहा. सात. झाली की सात! कुठाय तुझा पूल?"

पूल नव्हता. पुढे काळा डांबरी रस्ता डावीकडे वळत होता, सातव्या वळणासारखाच.

"आठ," इरिदे हसली. "तुला मोजता येत नाही रे! आणि हे नऊ. अगं बाई, वास बघ कसला... लेआर्को, तील्यो! सगळी फुललीयेत, नोव्हेंबरात! बघ ना. रस्ता बघ कसा पांढरा झालाय."

त्याला डांबर दिसत होतं. फक्त डांबर आणि निष्पर्ण झाडं. वास मात्र येत होता, इतका दाट की घसा चिकट झाला.

"थांबव ना जरा," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, हसू संपलेल्या आवाजात, "थांबव. तिथे कोण उभं आहे? लेआर्को, ब्रेक मार."

त्याचा पाय हलला नाही. त्याला हलवायचा होता. देवाशपथ हलवायचा होता, पुढे तो स्वतःला हे हजारदा सांगणार होता. पण घुमटी आणि पुलाच्या मध्ये तो पाय चौतीस वर्षांत ब्रेकवर गेला नव्हता, आणि त्या क्षणी त्याने मालकाचं ऐकलं नाही.

"लेआर्को!"

कोपराला लागणारी बाही गेली.

त्याने आरशात पाहिलं. आरशात पांढरा रस्ता होता. दोन्ही बाजूंना फुललेल्या तील्योंची रांग, भर उन्हात. आणि रस्त्याच्या मधोमध लाल स्कार्फ बांधलेली एक बाई, लहान लहान होत चाललेली. तिचा एक हात वर होता, तळवा समोर, गाडी थांबवायला धरतात तसा. तिच्यामागे, झाडांच्या सावलीत, आणखी कोणी तरी उभं असावं.

त्याने झटकन उजवीकडे पाहिलं. इरिदे शेजारी बसली होती. हात मांडीवर, नजर समोर.

म्हणजे आरशात दिसलं ते खोटं. बायको शेजारी आहे, डोळ्यांना दिसतेय. त्याची सगळी अक्कल या एका गोष्टीला जाऊन चिकटली, आणि गाडी पुढे जात राहिली.

"सात," ती म्हणाली.

आणि पूल आला.

७

फाटकावर वेळ नोंदली गेली, अकरा चाळीस. लेआर्कोने नेहमीसारखी गाडी काट्यावर नेऊन इंजिन बंद केलं आणि मीटर पाहिला. ६१.८. त्याच्या जिवात जीव आला. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तो हसत होता. बरोबर आकडा! म्हणजे आपणच दमलो होतो, उद्यापासून विश्रांती, सगळं सरळ होईल. चौतीस वर्षांत या आकड्याने त्याला इतका आनंद दिला नव्हता.

"झाली फेरी," तो म्हणाला. "कशी वाटली?"

"छान झाली फेरी," इरिदे म्हणाली.

गाडी अजून काट्यावरच होती. वायनेरने सवयीने पडद्याकडे पाहिलं, आणि मग काचेवर बोटाने टकटक केलं.

"सत्तर! अरे, काय खाऊ घातलं देआन्नाने? जाताना बावन्न, येताना सत्तर?"

आजूबाजूचे सगळे हसले आणि वाट बघू लागले. इरिदे आता वायनेरची बोलती बंद करणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ती समोरच्या भिंतीकडे बघत बसली होती. हसणं हळूहळू विरलं.

"चला, बरंच झालं," वायनेर हातातल्या कागदाकडे बघत म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "मी सकाळीच सत्तर लिहिलं होतं. खोडायला नको."

लेआर्कोने दार उघडून तिला हात दिला. तिच्या बुटांवर पांढरी धूळ होती. हनुवटीखाली स्कार्फचं फूल नव्हतं. गाठ घट्ट, बारीक होती आणि रेशमाची दोन्ही टोकं आत खोचलेली होती. ती उतरली तशी हिरवी गाडी एका अंगाने हळूच वर उचलली गेली.

समोर सहीचा कागद आला. लोक टाळ्या वाजवत होते. साहेब बाटली घेऊन उभे होते. लेआर्कोने सही केली. दुसरं काय करता येतं, हे त्या क्षणी त्याला सुचलं नाही, आणि नंतरही कधी सुचलं नाही.

८

हिरवी गाडी सोमवारी मोठ्या लॉरीतून गेली. कुठे, हे चालकांना सांगत नाहीत.

लेआर्को आता रोज स्वतःच्या जुन्या छोट्या गाडीने फेरी करतो. सकाळी निघतो, अकरा चाळीसला परत येतो. डिसेंबरात त्याने अंगणात करवत लावून त्या गाडीचा टप कापून काढला. निवृत्तीने भल्याभल्यांचं असं होतं, असं शेजारी म्हणाले. इरिदे मात्र किती शांत झाली, याचं सगळ्यांना कौतुक आहे. ती कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून असते. एक खुर्ची तिच्याखाली मोडली, तेव्हा लेआर्कोने लोखंडी आणली.

कधी तो एकटा जातो, कधी शेजारी वाळूचं पोतं बांधून. एकदा तो खुर्चीवरच्या तिलाच घेऊन गेला, बदल्यात देता आली तर बघावं म्हणून. तिने सात वळणं मोजली आणि पूल आला. घुमटीपासून खाली येताना तो प्रत्येक वळणावर ब्रेक मारतो. करकचून मारतो, उतरून उभा राहतो, हाका मारतो. खाली ओढ्याचं पाणी ऐकू येतं. त्याचा कान अजून तसाच आहे, पण त्याला दुसरं काही ऐकू येत नाही.

जूनमध्ये गावातल्या शाळेसमोरचे तील्यो फुलले. त्या दिवशी तो झाडाखाली रडला, भर दुपारी, पोरं शाळेतून सुटत असताना. त्या पांढऱ्या रस्त्यावर तर बाराही महिने फुलं असतात. तिला कोणी पाणी देत असेल का? अजून तिने हात वरच धरला असेल का?

मीटर तो आता बघूनच लिहितो. एका वहीत, तारीख घालून. दशांशाने तरी जास्त भरेल, या आशेने आधी डोळे मिटतो, मग उघडतो. आजही त्याने तसंच केलं, वही मिटली आणि घरात आला. कोट खुंटीला लावताना स्वयंपाकघरातली लोखंडी खुर्ची करकरली.

"एकसष्ट आठ," ती मागे वळून न बघता म्हणाली. "हात धू. जेवण तयार आहे."